मापांच्या वहीतलं २०२३

माझ्या मापांच्या वहीची शेवटची पानं गिऱ्हाइकांची नाहीत. वही पुढून उघडली की उंची, छाती, कंबर, मुंढा, बाही. मागून उघडली की सिनेमे. दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या रविवारी साताऱ्यातल्या माझ्या शिलाईच्या दुकानात, शटर अर्धं खाली ओढून, आम्ही पाच जणं बसतो आणि सरत्या वर्षाच्या मराठी सिनेमांना दहापैकी गुण देतो. मी, माझ्या वन्सं, शेजारच्या काकू, बँकेतल्या मॅडम (त्या आधी गिऱ्हाईक होत्या, मग मैत्रीण झाल्या) आणि पुण्याला शिकणारा माझा भाचा. गुण सगळ्यांचे, अक्षर माझं.

२०२३ चं पान मी पुन्हा काढलं. कारण सांगते. सप्टेंबर २०२५ मध्ये, नवरात्राच्या गडबडीत, नऊ रंगांच्या ब्लाउजांचे हूक लावत बसले होते आणि समोर टीव्हीवर दिल्लीच्या विज्ञान भवनातला राष्ट्रीय पुरस्कारांचा सोहळा चालू होता. ‘नाळ २’ मधली चिमी, म्हणजे त्रिशा ठोसर, एवढीशी पोर साडी नेसून राष्ट्रपतींच्या समोर गेली. पांढरट साडी होती. लहान मुलीला साडी नेसवायची तर निऱ्या कंबरेला जड होतात, पदर खांद्यावर ठरत नाही, दर पाच मिनिटांनी ओढावं लागतं. ही पोर मात्र आपल्या घरच्या अंगणात चालावी तशी चालत गेली. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. त्याच सोहळ्यात ‘श्यामची आई’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार होता, ‘नाळ २’ सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला होता आणि ‘आत्मपॅम्फ्लेट’साठी आशिष बेंडे यांना दिग्दर्शनातल्या पदार्पणाचा पुरस्कार. तिन्ही सिनेमे २०२३ चे. आणि आमच्या वहीत त्या वर्षीच्या पहिल्या तिघांत यातला एकही नव्हता.

पुरस्कार मिळाला म्हणून गुण वाढवायचे, असं मी म्हणत नाही. पुरस्कार देणारेही माणसंच. पण आपल्या हातून माप चुकलं असावं अशी शंका आली की कापड पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. म्हणून महिनाभरात मी त्या वर्षीचे सिनेमे जमतील तसे पुन्हा पाहिले आणि आता लिहिते आहे.

आधी आमचा सगळ्यात जुना वाद, वर्ष कोणतं धरायचं? रितेश देशमुखचा ‘वेड’ ३० डिसेंबर २०२२ ला लागला. आम्ही पाचही जणांनी तो जानेवारीत पाहिला, त्याची गाणीही तेव्हाच पाठ झाली. काकूंचं म्हणणं, “मी पाहिला तेव्हा संक्रांतीचे तीळ भाजत होते, म्हणजे २०२३.” भाच्याचं म्हणणं, पहिला शो ज्या वर्षी लागला ते वर्ष. शेवटी भाच्याचा नियम ठरला आणि ‘वेड’ मागच्या पानावर गेला. पण पुढे उलटंच झालं. ‘वाळवी’ लागला १३ जानेवारी २०२३ ला आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळाला २०२२ चा मराठी चित्रपट म्हणून, कारण तिथे सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची तारीख धरतात. काकू अजून म्हणतात, “सरकारचा नियम वेगळा, पोराचा वेगळा, मग माझाच काय वाईट?”

‘वाळवी’ आमच्या पानावर पहिला आला. सरासरी ८.३. ती मी बदलत नाही. परेश मोकाशींचा हा सिनेमा दोन तासांच्या आत संपतो आणि त्यात एक धागा लोंबकळत राहिलेला नाही. नवरा आणि त्याची मैत्रीण मिळून बायकोचा काटा काढायचं ठरवतात, ती आत्महत्या वाटावी अशी सगळी तयारी करतात, आणि मग एकेक गोष्ट घसरत जाते. स्वप्नील जोशीला असा भेदरलेला, घामाघूम, कोडगा माणूस करताना आम्ही पहिल्यांदाच पाहिला. वन्सं वैतागल्या होत्या, “आपला स्वप्नील असं करूच कसं शकतो?” हीच त्याची कमाई. अनिता दातेच्या डोळ्यांत बघून आपण ठरवूच शकत नाही की ही बाई आजारी आहे की सगळं ओळखून आहे. शेवट मी सांगणार नाही. एवढंच सांगते की शेवटच्या क्षणी थिएटरात आधी चिडीचूप झालं आणि मग मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं “आईगं!” म्हणालं. माझे साडेआठ होते, आता नऊ. दुसऱ्यांदा पाहताना कळलं, की पहिल्या दहा मिनिटांत शेवटाची सगळी टाचणी लावून ठेवली आहे.

आता ‘बाईपण भारी देवा’. या एका सिनेमावर आमचा तासभर गेला होता आणि चहा दोनदा झाला होता. केदार शिंदेंचा हा सिनेमा ३० जूनला लागला. सहा बहिणी, त्यांच्यातले अबोले आणि मंगळागौरीची स्पर्धा. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर, दीपा परब. ५० कोटींच्या पुढे धंदा केला त्यानं, आणि तोही ज्यात एकही तरुण हिरो नाही, मारामारी नाही, अशा सिनेमानं.

मी त्या वर्षीचा जुलै विसरणार नाही. एरवी आषाढ म्हणजे आमच्या धंद्यात निवांत महिना. लग्नं संपलेली, गौरी-गणपतीला वेळ असतो. त्या वर्षी एका दुपारी अकरा बायका एकदम दुकानात आल्या. एकाच सोसायटीतल्या. “आम्हाला सगळ्यांना एकसारख्या काठाचे ब्लाउज हवेत, रविवारच्या शोला जायचंय.” चार दिवसांत अकरा ब्लाउज. मी इंटरलॉकचं काम बाहेर दिलं आणि रात्री एकपर्यंत मशीन चालवली. त्यातल्या एक आजी, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांचं माप घेताना त्या म्हणाल्या, “बाही जरा सैल ठेव गं, फुगडी घालायची आहे.” मी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. त्यांनी ते ओळखलं. “गुडघ्यांचं मी बघते, तू बाहीचं बघ.”

त्या रविवारी मीही गेले. सिनेमा संपताना मंगळागौरीचं गाणं लागलं तशा त्या बायका खुर्च्या सोडून पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत उतरल्या. आजीही. फुगडी नाही घातली, पण दोन्ही हात कंबरेवर ठेवून उभ्या उभ्या झिम्मा धरला. बाही कुठं काचली नाही, ते मी पाहिलं. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, त्यामुळे खरी मंगळागौर ऑगस्टच्या मध्यानंतर निज श्रावणात गेली. तोवर सातारच्या बायका थिएटरातच मंगळागौर जागवत होत्या.

बँकेतल्या मॅडमनी याला सहा दिले. त्यांचं म्हणणं मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. “ताई, प्रत्येकीचं दुखणं वेगळं आणि खोल आहे. घटस्फोट आहे, पैशाची ओढाताण आहे, बहिणी-बहिणींचं वैर आहे. आणि एका स्पर्धेत सगळं बरं होतं? आयुष्य असं बरं होत नाही.” मॅडमचा स्वतःचा घटस्फोट झाला आहे, त्यामुळे त्यांच्यापुढे मला पटकन बोलता आलं नाही. भाच्यानंही सहा दिले, त्याला सिनेमा सीरियलसारखा वाटला. काकूंनी दहा दिले आणि म्हणाल्या, “माझे दहा खोडलेस तर मी उठून जाईन.”

पुन्हा पाहिल्यावर मॅडमचं म्हणणं मला निम्मं पटतं. शेवटची वीस मिनिटं घाईत आवरली आहेत, दोन जखमा तर नुसत्या वरून टीप मारून बंद केल्यात. तरी मी माझे नऊ काढून घेत नाही. पाळी जाण्याच्या वयातली चिडचिड, अंगातून निघणाऱ्या वाफा, रात्रीची उडालेली झोप हे मोठ्या पडद्यावर, भरल्या थिएटरात, नवऱ्यांच्या शेजारी बसून बायकांनी पाहिलं. माझ्या दुकानात हे बोलणं पडद्यामागे, माप घेताना, कुजबुजत होतं. “जरा सैलच शिव, अंगाची नुसती लाही होते.” त्या जुलैनंतर तेच वाक्य बाकड्यावर बसून मोठ्यानं बोललेलं मी ऐकलं. सिनेमानं हे केलं असेल तर त्याला नऊ.

‘महाराष्ट्र शाहीर’बद्दल मला माझीच चूक दुरुस्त करायची आहे. माझं माहेर वाईजवळचं. शाहीर साबळे पसरणीचे. माझ्या वडलांनी त्यांना जत्रेत ऐकलं होतं आणि घरी गोष्टी सांगताना ते शाहिरांचा आवाज काढत. २०२३ हे शाहिरांचं जन्मशताब्दी वर्ष, त्याच वर्षी त्यांनी गायलेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ राज्यगीत झालं, आणि सिनेमा काढला त्यांच्याच नातवानं, केदार शिंदेंनी. २८ एप्रिलला सिनेमा लागला तेव्हा आम्ही माहेरची चौदा माणसं एकत्र गेलो. आई थिएटरात रडली. मी नऊ दिले, न विचार करता.

आता शांतपणे पाहिला तेव्हा दिसलं, की एवढं मोठं आयुष्य एका सिनेमात बसवताना ते सगळीकडून दुमडलं गेलंय. एक प्रसंग मनात उतरतो न उतरतो तोच पाच वर्षं पुढे. अंकुश चौधरीनं जीव ओतलाय, त्याची उभं राहण्याची ढब, मान मागे टाकून सूर लावणं, हे सगळं मेहनतीनं कमावलेलं आहे. अजय-अतुलचं ‘बहरला हा मधुमास’ त्या उन्हाळ्यात प्रत्येक लग्नाच्या मांडवात वाजलं. पण शाहीर माणूस म्हणून एकटे असताना कसे होते, हे मला सिनेमानं सांगितलं नाही, ते वडलांनी सांगितलेलंच जास्त लक्षात राहिलं. साडेसात. आईला हे वाचून दाखवणार आहे, ती रागावेल.

त्याच शुक्रवारी भाऊराव कऱ्हाडेंचा ‘टीडीएम’ लागला आणि त्याच शुक्रवारी मणिरत्नमच्या मोठ्या सिनेमाचा दुसरा भागही. ‘टीडीएम’ला शो मिळेनात म्हणून त्यातली मंडळी प्रेक्षकांसमोर रडल्याचं सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. आमच्यापैकी कुणीच तो थिएटरात पाहू शकलं नाही, म्हणून पानावर त्याच्यापुढे रेघ आहे. रेघ म्हणजे शून्य नाही हे मी तेव्हा ठळक लिहायला हवं होतं, कारण बेरीज करताना ते शून्यासारखंच वागतं.

अशा रेघा त्या पानावर बऱ्याच आहेत, आणि मला खरं बोलायचंय ते या रेघांबद्दल.

‘आत्मपॅम्फ्लेट’ ६ ऑक्टोबरला लागला. त्याच वर्षी फेब्रुवारीत तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला होता, मुलांच्या आणि किशोरांच्या विभागात. भाच्यानं पुण्यात पहिल्याच दिवशी पाहिला आणि फोन केला, “आत्या, बाकी सगळं टाक आणि जा.” आमच्या इथे दिवसाला एकच शो होता, रात्री सव्वादहाचा. शनिवारी मी, वन्सं आणि मॅडम गेलो. तिकीट खिडकीवरच्या मुलानं सांगितलं, तुमची तीनच तिकिटं आहेत, निदान सहा झाल्याशिवाय शो लावत नाहीत. मॅडम म्हणाल्या, “आम्ही सहा तिकिटांचे पैसे देतो.” तो बिचारा आत विचारून आला आणि म्हणाला, मशीन बंद केलंय, मॅडम. आम्ही पायऱ्यांवर दहा मिनिटं बसलो. शेजारच्या पडद्यावरच्या हिंदी सिनेमातले गोळीबार बाहेर ऐकू येत होते. सोमवारी तो शोही काढून टाकला.

मी तो खूप नंतर घरी, लहान पडद्यावर पाहिला. एक मुलगा, त्याचं शाळेतल्या मुलीवरचं प्रेम आणि मागे देशात घडणाऱ्या घडामोडी: मंडल, बाबरी, जातीपातीची धग. पोराला वाटतं की देशात जे जे होतंय ते आपल्याच प्रेमात खोडा घालायला होतंय. गंमत करत करत सिनेमा कुठं नेऊन उभं करतो ते कळत नाही. त्या मुलाला पहिल्यांदा आपली जात कळते, तो क्षण मी मागे नेऊन तीनदा पाहिला. कुणी रडत नाही, संगीत चढत नाही. पोराच्या चेहऱ्यावर नुसतं काहीतरी हलतं, गणित सोडवताना हातचा चुकल्यासारखं. आमच्या वर्गात एक मैत्रीण होती, हुशार, तिचं नाव हजेरीपटावर एका वेगळ्या यादीत होतं. शिक्षक ती यादी वर्गात मोठ्यानं वाचत. तेव्हा ती खिडकीकडे बघायची. चाळीस वर्षांनी मला कळलं ती काय बघत होती. माझे साडेनऊ. त्या पानावरचे माझे सगळ्यात जास्त गुण आता या सिनेमाला आहेत, आणि थिएटरातल्या माझ्या गुणांच्या जागी तिथे रेघ आहे.

‘बापल्योक’चंही तेच. मकरंद मानेंचा सिनेमा, शशांक शेंडे आणि विठ्ठल काळे. बाप आणि मुलगा दुचाकीवरून लग्नाच्या पत्रिका वाटत गावोगाव फिरतात. एवढीच गोष्ट. गावाकडं पत्रिका देण्याचंही शास्त्र असतं: आधी देवाला, मग भावकीत, कुणाच्या दारात बसून चहा घ्यायचा आणि कुणाला उभ्या उभ्या द्यायची. सिनेमाला ते सगळं माहीत आहे. सप्टेंबरच्या तोंडावर लागला आणि ७ तारखेला ‘जवान’ आला. वन्संनी आणि मी पाहिला होता, मॅडम आणि काकूंच्या पाहण्यातच आला नाही. माझे आठ. शशांक शेंडे मुलाच्या मागे दुचाकीवर बसले आहेत आणि दोघांचं भांडण झालंय, अशा वेळी खड्डा आला की बापाचा हात आपोआप मुलाच्या खांद्यावर जातो. तेवढ्या हातासाठी मी कुणालाही हा सिनेमा बघायला सांगेन.

आणि मग दिवाळी. १० नोव्हेंबर २०२३, धनत्रयोदशी. त्या एका शुक्रवारी ‘नाळ २’ आणि ‘श्यामची आई’ दोन्ही लागले. दोन दिवसांनी, लक्ष्मीपूजनाला, सलमान खानचा ‘टायगर ३’. आपल्या दोन चांगल्या सिनेमांना कुणी एकमेकांसमोर आणि वर वाघासमोर उभं करतं का? मला याचा आजही राग आहे. ज्या दोन सिनेमांना पुढे देशाचे पुरस्कार मिळाले त्यांच्या वाट्याला आमच्याकडे पहिल्या आठवड्यात मिळून तीन शो आले होते.

शिलाईवालीची धनत्रयोदशी मशीनवरच जाते. मी ‘नाळ २’ पाहिला तो भाऊबीजेला, भावाबरोबर. तो योग इतका जुळून आला की मला वाटतं गुण देताना तोही त्यात मिसळला असेल. चैत्या आता खऱ्या आईच्या गावी येतो आणि तिथं त्याला धाकटी बहीण भेटते, चिमी. ती त्याला आपला म्हणायला तयार नाही. पहिला ‘नाळ’ २०१८ मध्ये आला तेव्हा श्रीनिवास पोकळे एवढासा होता, इथे त्याचा आवाज फुटायच्या बेतात आहे. सुधाकर रेड्डी यक्कंटी मुळात छायाचित्रणातले, ‘सैराट’ही त्यांनीच टिपला होता, त्यामुळे डोंगर, पाणी, कौलं सगळं बघत राहावं असं. पण मी बघत होते चिमीकडं. ती रुसते तेव्हा तोंड वाकडं करत नाही. ती सरळ पाठ फिरवते आणि चालू लागते. लहान मुलं खरंच तशीच रुसतात. हे त्या पोरीला कुणी शिकवलं असेल तर तो शिकवणारा थोर, आणि शिकवलं नसेल तर पोर थोर. मध्यंतरानंतर जरा रेंगाळतो. आमची सरासरी ७.४ होती, माझे साडेसात. आता आठ.

‘श्यामची आई’ आम्ही पाहिलाच नाही. आणि तरी आमच्या पानावर त्याला गुण आहेत. सरासरी पाच. हे कसं झालं ते मला नीट आठवतं. काकू म्हणाल्या, “मी अत्र्यांचा पाहिलाय, त्यापुढे आता काय?” अत्र्यांचा तो सिनेमा १९५३ चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. वन्सं म्हणाल्या, रडवतात नुसतं. मी म्हणाले, काळा-पांढरा आहे म्हणे. आणि आम्ही तिघींनी पाच पाच टाकले. न पाहिलेल्या सिनेमाला रेघ मारायची हा आमचा नियम, तो आम्ही मोडला आणि भाच्यानं टोकलं तेव्हा त्याला गप्प केलं.

तो मी २०२५ च्या ऑक्टोबरात पाहिला, दुपारी, दुकान बंद करून. सुजय डहाकेंनी तो काळ्या-पांढऱ्यात केलाय. मी रोज रंगांत काम करते. गिऱ्हाईक रंगावर भाळतं, आमच्यासारख्यांना पोत बघावा लागतो. रंग काढून घेतला की कापड स्वतः बोलायला लागतं: सुती लुगड्याचा चुरगळा, वारंवार धुऊन मऊ पडलेला पदर, उपरण्याची विरलेली कड. या सिनेमात आईचं लुगडं बघून घरातली गरिबी कळते, कुणी तोंडानं सांगण्याच्या आधी. गौरी देशपांडेंची आई मऊ आहे आणि कडकही, जशी साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात बसून १९३३ मध्ये लिहिली. ओम भूतकर गुरुजी आहेत. त्यांच्या आवाजात मोठेपणाचा आव नाही, त्यामुळे गोष्ट सांगणारा माणूस खरा वाटतो.

शाळेत असताना पुस्तकातल्या एका गोष्टीवर माझा जीव होता. श्याम खाऊचे पैसे साठवतो आणि गणपतीला घरी येताना धाकट्या भावासाठी कोट शिवून आणतो. कापड घेतलं, शिंप्याकडे गेला, अंदाजानं माप सांगितलं. समोर नसलेल्या माणसाचं माप. मी या धंद्यात पडले त्यात त्या कोटाचा थोडा वाटा आहे, असं मला मनापासून वाटतं. आणि त्याच गोष्टींवरच्या सिनेमाला मी न बघता पाच गुण दिले. सिनेमाच्या काही जागा मला ताणल्यासारख्या वाटल्या, गुरुजींच्या तरुणपणाचा भाग आणि लहानपणाचा भाग यांचा सांधा काही ठिकाणी जाणवतो. तरीही साडेआठ. पाच खोडून साडेआठ लिहिले आणि बाजूला तारीख घातली.

बाकीचे पटकन सांगते. ‘घर बंदूक बिरयानी’ला मी सहा दिले होते, सहाच. सयाजी शिंदेंचा डाकू झकास, आकाश ठोसरचा आचारीही गोड, पण सिनेमा लांबला आहे. ‘फुलराणी’ साडेपाच, प्रियदर्शिनी इंदलकर एकटी ओढते. ‘सुभेदार’वर भाचा आणि मी अजून भांडतो. त्याचे नऊ, माझे सहा. दिग्पाल लांजेकरांचं शिवराज अष्टकातलं हे पाचवं पुष्प. अजय पुरकरांचा तानाजी डोळ्यांत पाणी आणतो हे मान्य, पण आधीच्या चार सिनेमांत पाहिलेली मांडणी इथे पुन्हा दिसते, आणि कोंढाण्याची चढाई संगणकावरची आहे हे लपत नाही. भाचा म्हणतो, “आत्या, तू कडा बघत होतीस, मी माणसं बघत होतो.” यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही, पण गुण सहाच. ‘झिम्मा २’ साडेसहा. निर्मिती सावंत पडद्यावर आल्या की थिएटर हसत होतं, सुहास जोशींचा पंच्याहत्तरावा वाढदिवस, इंग्लंडातली तळी, सगळं छान. पहिल्या ‘झिम्मा’तली ओढ मात्र मला सापडली नाही. रिंकू राजगुरू त्या बायकांत इतकी सहज मिसळली आहे की तिच्यासाठी अर्धा गुण जास्तीचा.

नव्या बेरजेत माझ्यापुरता क्रम असा लागतो: ‘आत्मपॅम्फ्लेट’, मग ‘वाळवी’ आणि ‘बाईपण’ बरोबरीत, मग ‘श्यामची आई’, मग ‘नाळ २’ आणि ‘बापल्योक’. शाहीर त्यांच्या मागे.

हे सगळं मी मॅडमना वाचून दाखवलं. त्यांनी ‘बाईपण’चे सहा बदलायला नकार दिला. म्हणाल्या, “ताई, मी तो दुसऱ्यांदा पाहिला तर सहाचे पाच होतील.” काकू दहावर ठाम आहेत. वन्सं ‘श्यामची आई’ बघायला तयार आहेत, पण एकट्यानं नाही, त्यांना सोबत हवी. म्हणून ठरलंय असं, की येत्या रविवारी जेवणं आटोपून दुकानात जमायचं, भाचा त्याचा लॅपटॉप आणणार आहे, भिंतीवर मी पांढरं पॉपलीन ताणून लावणार आहे, आणि आधी ‘बापल्योक’ बघायचा, कारण तो काकू आणि मॅडम दोघींचा राहिलाय. पॉपलीन पावणेदोन मीटर लागेल. कडांना टीप मारून ठेवली आहे.